पवित्र भूमीची यात्रा पहिल्यांदाच काढताय? पुण्यातल्या मंडळ्यांसाठी

रविवारची उपासना संपते, आवारात चहाचे कप फिरतात आणि कुणीतरी विषय काढतं, "आपल्या मंडळीची इस्राएल टूर कधी काढायची?" दहा-बारा नावं तिथल्या तिथे जमतात. पाळकसाहेबही उत्साहाने हो म्हणतात. पुढे मात्र गाडं अडतं, कारण सुरुवात कुठून करायची हेच माहीत नसतं. तुमची मंडळी कॅम्पातली असो, पिंपरीतली असो की वडगाव शेरीतली, असा गट पहिल्यांदाच न्यायचा असेल तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं ते इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं. टूरच्या जाहिरातींत ठिकाणांची भलीमोठी यादी असते आणि यादी जितकी लांब तितकी टूर चांगली असा आपला समज होतो. प्रत्यक्षात अशा टूरमध्ये माणसं बसमधून उतरतात, फोटो काढतात, दुकानात जातात आणि पुन्हा बसमध्ये बसतात. संध्याकाळी विचारलं, की सकाळचं चर्च कुठलं होतं हे आठवत नाही. दिवसाला तीन ठिकाणं पुरे, फार तर चार. प्रत्येक ठिकाणी तिथला शास्त्रभाग आपल्या मराठीत मोठ्याने वाचला गेला पाहिजे, थोडा वेळ शांत बसता आलं पाहिजे आणि जमलं तर एक भजन झालं पाहिजे. यासाठी दोन-चार प्रसिद्ध ठिकाणं गाळावी लागली तर बिनदिक्कत गाळा.

वर्षभर आधी: कधी जायचं ते ठरवा

मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सर्वांत चांगले महिने. उन्हाळ्यात यरीहो आणि मृत समुद्राच्या खोलगट भागात पारा चाळिशीपार जातो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत तिथे थंडी आणि पाऊस दोन्ही असतात. आपल्याकडे शिक्षक आणि शाळकरी मुलांचे पालक बरेच असतात. त्यांना दिवाळीची सुट्टी सोयीची पडते. फक्त यहुदी सणांच्या तारखा पाहून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) आणि मंडपांचा सण येतो, मार्च-एप्रिलमध्ये वल्हांडण. योम किप्पूरला तर रस्त्यावर गाडीही दिसत नाही. पवित्र आठवड्यात जावं असं सगळ्यांच्या मनात असतं, पण त्या दिवसांत यरुशलेमच्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. पहिल्याच खेपेला ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत जाऊ नका.

सुरक्षिततेचा विचार भावनेवर सोडू नका. ऑक्टोबर २०२३ पासून त्या भागातली परिस्थिती वेळोवेळी बिघडत आली आहे. तारीख ठरवण्याआधी, पैसे भरण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, अशा तिन्ही वेळी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. इस्राएलला जाणं योग्य नसेल तर यात्रा रद्दच करावी असंही नाही. जॉर्डनमधला नबो डोंगर, मादबा, यार्देनचा पूर्वकाठ आणि इजिप्तमधला सीनाय पर्वत, जुनं कैरो एवढ्यावरही चांगली शास्त्रयात्रा होते. अर्थात तिथल्या सूचनाही तितक्याच काळजीने पाहायच्या.

दहा महिने आधी: टूरवाला आणि हिशोब

किमान तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या आणि ती एकाच कागदावर शेजारीशेजारी मांडा. एकूण आकड्यावर जाऊ नका. त्यात दुपारचं जेवण आहे का? गाईड आणि ड्रायव्हरची टिप आहे का? व्हिसा, प्रवेशशुल्क, जमिनीवरून सीमा ओलांडतानाची फी, जीएसटी धरलाय का? परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, कापला जातो. त्याचा दर त्या वर्षी काय आहे ते विचारा आणि प्रत्येकाच्या पॅनवर तो जमा होतोय याची खात्री करा, कारण प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. हॉटेल नक्की कोणत्या गावात आहे हेही लिहून घ्या. बेथलेहेममधली हॉटेलं तुलनेने स्वस्त असतात आणि तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यातून काम मिळतं, पण यरुशलेमला जाताना रोज इस्राएली लष्कराच्या चेकपॉइंटवर वेळ जातो. मी गटातली वयं पाहून ठरवीन.

युद्ध, विमानतळ बंद, सीमा बंद अशा कारणांनी टूर रद्द झाली तर किती पैसे परत मिळतील हे करारात स्पष्ट असलंच पाहिजे. प्रवासविम्यात युद्धामुळे होणारं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं, तेही वाचून घ्या.

आणखी एक नाजूक गोष्ट. ठरावीक संख्येमागे टूरवाले एक जागा मोफत देतात आणि ती सहसा पाळकांना जाते. त्यात वावगं काहीच नाही, पण गटाला पहिल्याच सभेत हे सांगा. पैसे कुणाच्याही खासगी खात्यात घेऊ नका. दोघांच्या सहीने चालणारं खातं आणि प्रत्येकाला पावती. मंडळीत कटुता येते ती बहुतेक वेळा अशाच न सांगितलेल्या गोष्टींमुळे.

गट पंचवीस ते चाळीस जणांचा असावा, म्हणजे एका बसमध्ये मावेल.

आठ महिने आधी: कागदपत्रं

पासपोर्टचं काम सर्वांत आधी हाती घ्या, कारण आपल्याकडे अडचण नावांची असते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. विशेषतः साठीपुढच्या बहिणींच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव जुळवण्यातच महिने जातात. अर्ज ऑनलाइन भरायचा, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात कागदपत्रं दाखवायची, मग पोलीस पडताळणी. मंडळीतल्या एखाद्या तरुणाला हेच एक काम द्या: प्रत्येक ज्येष्ठासोबत बसून आधार, पॅन आणि पासपोर्ट यांवरची नावं अक्षर न् अक्षर पडताळून पाहायची. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांचाही प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने वैध असायला हवा.

भारतीय पासपोर्टवर इस्राएलचा व्हिसा लागतो. जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. जॉर्डन आणि इजिप्तचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, शिवाय जॉर्डनमध्ये विमानाने उतरलात की पुलावरून आलात यावरही फरक पडतो. मार्गाचा क्रम ठरल्यावर टूरवाल्याकडून हे लेखी घ्या. इस्राएल पासपोर्टवर शिक्का मारत नाही, एक छोटी सुटी चिठ्ठी देतो. ती सांभाळून ठेवायची हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

चार महिने आधी: खरी तयारी इथे पुण्यात

बहुतेक गट व्हिसा आणि डॉलरच्या मागे लागतात आणि वाचन राहून जातं. यात्रेचा निम्मा आनंद मात्र याच चार महिन्यांत ठरतो. दर पंधरवड्याला एक संध्याकाळ ठेवा. भिंतीवर मोठा नकाशा लावा आणि गालील, शोमरोन, यहूदीया कुठे येतात, यरीहोहून यरुशलेमला किती चढावं लागतं हे आधी डोळ्यांत बसू द्या. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तो उतार आणि तो ओसाड घाट कळल्यावर वेगळीच उमगते.

प्रत्येक यात्रेकरूला एक उतारा वाटून द्या. त्या जागी तो त्यानेच वाचायचा. नासरेथला लूक ४, कफर्णहूमला मार्क १ आणि २, सरोवराकाठी योहान २१, बेथेसदाच्या तळ्याजवळ योहान ५, शिलोहाच्या तळ्याजवळ योहान ९, गेथशेमानेत मत्तय २६, नबो डोंगरावर अनुवाद ३४. ज्यांनी कधी मंडळीपुढे उभं राहून वाचलेलं नाही त्यांनाही द्या. सगळे उतारे मोठ्या टायपात छापून एक लहान पुस्तिका करा. अप्पा बळवंत चौकात असं काम करून मिळतं. मोबाइलवर वाचू असं म्हणणारे असतील, पण तिथल्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

मग पुण्यातच दोन ठिकाणी गटाला घेऊन जा.

पहिलं, कॅम्पातलं लाल देऊळ. हे ओहेल डेव्हिड सिनगॉग, म्हणजे यहुदी सभास्थान, १८६७ सालचं. ते उभारायला घेतलेल्या डेव्हिड ससून यांची समाधी त्याच आवारात आहे. आत जायला आगाऊ परवानगी आणि ओळखपत्र लागतं, म्हणून आधी विचारून ठेवा आणि शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) टाळा. आत नियमशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवायची जागा, त्या वाचायचा मंच, यरुशलेमच्या दिशेने म्हणजे पश्चिमेला केलेली रचना हे सगळं पाहायला मिळतं. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी हातात घेतली हे लूक ४ मध्ये आपण लहानपणापासून वाचतो. पण ती गुंडाळी कुठून काढली, कुठे उभं राहून वाचली हे डोळ्यांसमोर उभं राहतं ते इथे. रास्ता पेठेत बेने इस्राएल या यहुदी समाजाचं १९२१ सालचं सुक्कथ शलोमो सिनगॉग आहे. हा समाज मराठी बोलणारा, आपल्याच मातीतला. त्यांच्यातले हजारो लोक इस्राएलला जाऊन स्थायिक झाले. अश्दोद, लोद, दिमोना अशा गावांत आजही मराठी कानावर पडते.

दुसरं, केडगाव. सोलापूर रस्त्याने पुण्यापासून साधारण साठ किलोमीटर. दौंडकडे जाणाऱ्या गाडीनेही जाता येतं. पंडिता रमाबाईंनी इथल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ते शास्त्र प्रसिद्ध झालं. तिथल्याच छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांनी छपाईचं काम केलं. यात्रेला निघण्याआधी तिथे एक प्रार्थना करावी असं मला मनापासून वाटतं. यरुशलेमला आपण जे मराठीत वाचणार, त्यामागे कुणाचे कष्ट आहेत हे गटाला कळायला हवं.

आणि चाला. यरुशलेमचं जुनं शहर म्हणजे चढउतार, पायऱ्या आणि झिजून गुळगुळीत झालेली फरशी. दोन महिने आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चालणं, आठवड्यातून एकदा तळजाई किंवा वेताळ टेकडी, गुडघे साथ देत असतील तर पर्वतीच्या पायऱ्या. नवे बूट घेणार असाल तर याच काळात पायात मुरवा. ज्यांना जमत नाही त्यांना घाबरवू नका. कोणत्या ठिकाणी त्यांनी खाली थांबायचं आणि सोबत कोण थांबणार हे कागदावर लिहा, म्हणजे तिथे धावपळ होत नाही.

सामान आणि औषधं

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळ्यांनीच घ्यावेत. साडीची सवय असेल तर साडी चालते, पण डोंगरउतारावर पंजाबी ड्रेस बरा. पुरुषांनी चर्चमध्ये टोपी काढायची आणि यरुशलेममधल्या पश्चिम भिंतीपाशी (यहुदी लोकांचं प्रार्थनास्थळ) डोकं झाकायचं, हे उलटंसुलटं होऊ देऊ नका.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. तीन-चार दिवसांची जास्तीची घ्या. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं इजिप्तमध्ये नियंत्रित आहेत आणि ती बाळगल्याबद्दल लोकांना तुरुंगात जावं लागलं आहे, म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी पर्समध्ये राहिली असं होता कामा नये. पेटी नेता येणार नाही, पण झांजांची एक जोडी जरूर न्या. ती चेक-इनच्या सामानात टाका.

मेतकूट, कोरडी चटणी, थोडा चिवडा जवळ असला की आजी-आजोबांची सोय होते. जेवणात हमस, फलाफल, पिटा, भरपूर कोशिंबिरी असतात आणि गालीलच्या काठी तळलेला तिलापिया "पेत्राचा मासा" म्हणून मिळतो. कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणाऱ्या, हॉटेलात मांसाच्या जेवणासोबत दूध वाढत नाहीत, त्यामुळे रात्री दुधाचा चहा मिळणार नाही. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री वेटरशी वाद होतो.

निघण्याचा दिवस

विमान मुंबईहून असेल तर घाटातली वाहतूक गृहीत धरून उड्डाणाच्या नऊ-दहा तास आधी पुणे सोडा. बसमध्येच जोड्या ठरवा: एक तरुण, एक ज्येष्ठ, दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि बस हलण्याआधी क्रमांकाने हजेरी घ्या.

इस्राएलमध्ये शिरताना आणि निघताना सुरक्षा तपासणी कसून होते. बॅग कुणी भरली, कुणी काही पोचवायला दिलंय का, गटात कोण कुणाला ओळखतं असे प्रश्न वेगवेगळं गाठून विचारतात. खरं, थोडक्यात आणि न चिडता उत्तर द्यायचं. अ‍ॅलनबी पुलावरून जॉर्डनहून येणार असाल तर तो दिवस जवळजवळ सीमेवरच जातो असं धरा. शुक्रवारी आणि शनिवारी तिथलं कामकाज लवकर आटोपतं.

गालीलमध्ये घाई करू नका

शक्य असेल तर यरुशलेमच्या आधी गालील घ्या आणि तिथे दोन रात्री तरी काढा. सरोवर साधारण २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपेक्षा दोनशेहून अधिक मीटर खोल जागी. प्रभूच्या सेवेचा मोठा भाग याच काठावर गेला आणि इथे अजून मोकळं आकाश, पाणी आणि डोंगर आहेत.

कफर्णहूमला किमान दीड तास द्या. पांढऱ्या चुनखडीच्या सभास्थानाचे खांब लांबूनच दिसतात. ते चौथ्या-पाचव्या शतकातलं. फोटो काढून पुढे सरकण्याआधी गटाला त्याच्या कोपऱ्यापाशी न्या आणि पायाकडे बघायला सांगा. पांढऱ्या दगडाखाली काळ्या पाषाणाचा थर दिसतो. येशूच्या काळातलं सभास्थान याच जागी होतं असं अनेक अभ्यासक मानतात. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सह्याद्रीचा आणि आपल्या गडकोटांचा दगड त्याच जातीचा. भोवतालची घरंही याच काळ्या दगडाची, लहान लहान खोल्यांची. पुण्याच्या माणसाला तो पाहताच ओळखीचा वाटतो, हात आपोआप त्याच्यावर जातो. थोड्याच पावलांवर पेत्राचं म्हणून दाखवतात ते घर. त्याच्यावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च बांधलं गेलं आणि आता वर काचेच्या फरशीचं नवं चर्च आहे. सभास्थानातून निघून शिमोनाच्या, म्हणजे पेत्राच्या, घरी गेले, असं मार्क १ मध्ये आहे. ते अंतर गटाने स्वतः चालून पाहावं आणि घराजवळ पोचल्यावर मार्क २ मधली छप्पर उघडल्याची गोष्ट वाचावी.

गिनोसारला १९८६ च्या दुष्काळात पाणी ओसरल्यावर चिखलात सापडलेली पहिल्या शतकातली होडी ठेवली आहे, सुमारे आठ मीटर लांब. ती पाहून मगच सरोवरात बोटीने जा. बोटवाले भारताचा झेंडा चढवतात, गाणी लावतात. ते झालं की इंजिन दहा मिनिटं बंद ठेवायची विनंती करा आणि मार्क ४ मधलं वादळ वाचा.

यार्देन नदीकाठी: पाळकांनी घरूनच ठरवून यावं

नवख्यांना यार्देन पाहून धक्का बसतो. कित्येक ठिकाणी ती आपल्या मुठेपेक्षाही अरुंद आहे आणि पाणी गढूळ. उत्तरेला यार्देनितला पाणी स्वच्छ, सोयी चांगल्या. यरीहोजवळचं कस्र अल-यहूद आणि समोरच्या जॉर्डनच्या काठावरचं अल-मगतस ही बाप्तिस्म्याची परंपरेने मानलेली जागा. अल-मगतस २०१५ साली जागतिक वारसा यादीत आलं.

प्रश्न असतो तो पाण्यात उतरण्याचा. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या मंडळीतले काही जण तिथे भारावून पुन्हा बाप्तिस्मा मागतात, काहींना ते अजिबात पटत नाही आणि नदीकाठी पांढरे झगे घालून वाद सुरू होतो. पाळकांनी पुण्यातच सांगून टाकावं: आपण बाप्तिस्म्याच्या वचनांचं स्मरण आणि नवीकरण करू, हवं त्याने पाण्यात उतरावं, नको त्याने काठावर उभं राहून म्हणावं. तिथलं पाणी बाटलीत भरलंत तर परतताना ते चेक-इनच्या बॅगेत.

मृत समुद्राला पाऊणेक तास पुरे. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, फक्त पाठीवर तरंगायचं, डोळ्यांत थेंब जाऊ द्यायचा नाही. आदल्या दिवशी दाढी करू नका; बारीक जखमही भयंकर झोंबते. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जवळच कुम्रान आहे, जिथे १९४७ साली शास्त्राच्या प्राचीन हस्तलिखितांच्या पहिल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतली यशयाची प्रसिद्ध गुंडाळी यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममधल्या 'श्राइन ऑफ द बुक' या दालनात जपलेली आहे. वेळ काढून ते दालन पाहा.

यरुशलेम

निदान तीन दिवस. इथे गटाला एक फरक समजावून द्यावा लागतो, नाहीतर काहींची श्रद्धा भाबडी होते आणि काहींची डळमळते. काही जागांना उत्खननाचा भक्कम आधार आहे: बेथेसदाचं तळं, २००४ साली सापडलेलं शिलोहाचं तळं, मंदिराच्या दक्षिणेच्या पायऱ्या. काही जागांमागे फार जुनी, अखंड परंपरा आहे: पवित्र कबरेचं चर्च, बेथलेहेमची गुहा. आणि काही जागा निव्वळ स्मरणाच्या आहेत. शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली म्हणून दाखवतात ती इमारत क्रूसेडच्या, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयुद्धांच्या, काळातली आहे. येशूने क्रूस वाहून नेला तो म्हणून दाखवतात त्या दुःखमार्गाची चौदा स्थानं आजच्या स्वरूपात बऱ्याच नंतर ठरली. गेथशेमानेतल्या जैतुनांची खोडं तपासली तेव्हा ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. हे सगळं सांगितल्याने प्रार्थनेचं मोल कमी होत नाही. ज्याला आधीच माहीत असतं तो तिथे निश्चिंत मनाने गुडघे टेकतो.

पहिली सकाळ जैतुनांच्या डोंगरावर. वरून शहर पाहा, लूक १९ वाचा आणि उतरत उतरत गेथशेमानेपर्यंत या. उतार तीव्र आहे. ज्येष्ठांची बस थेट खाली. डोंगरावरच्या पॅटर नॉस्टर चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना शंभराहून अधिक भाषांत फरशांवर लिहिलेली आहे, त्यांत भारतीय भाषाही आहेत. तिथे उभं राहून ती मराठीत म्हणा.

बेथेसदाच्या तळ्याला लागून संत अ‍ॅनाचं चर्च आहे, बाराव्या शतकातलं, आतून जवळजवळ रिकामं. त्याचा घुमणारा आवाज जगभरच्या गटांना तिथे खेचून आणतो. इथेच आपलं भजन म्हणायचं. एक सूचना: लय नेहमीच्या निम्म्यावर आणा आणि प्रत्येक ओळीनंतर थांबा. आवाज छतावरून खाली यायला वेळ घेतो. घाई केली तर एका ओळीत दुसरी मिसळते आणि नुसता गोंगाट होतो. झांजा इथे वाजवू नका. संथ म्हटलंत तर तीसजणांचं गाणं तीनशेंचं वाटतं. पुढच्या गटाला त्याची पाळी द्या आणि त्यांच्या भाषेतलं गाणं ऐकायला मागे बसा.

दुःखमार्गावर पहाटे जा, दुकानं उघडायच्या आत. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन बंधूंची मिरवणूक निघते, तीही सुंदर असते, पण गर्दीत चालावं लागतं.

पवित्र कबरेच्या चर्चमध्ये आपल्या प्रोटेस्टंट मंडळींचा हमखास गोंधळ उडतो. धूप, असंख्य दिवे, अंधारे कोपरे, कबरेपुढची तास-तासाची रांग. "हेच का ते?" असं कुणीतरी म्हणतंच. म्हणून आत शिरण्याआधी आवारात उभं राहून सांगा: इथलं पहिलं चर्च सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, ३३५ साली अर्पण झालेलं, १००९ साली ते पाडलं गेलं, आजचं बरंचसं बांधकाम क्रूसेडच्या काळातलं. सहा प्राचीन मंडळ्या ते वाटून वापरतात आणि दाराची किल्ली शतकानुशतकं मुसलमान कुटुंबाकडे आहे. जागा आज तटाच्या आत असली तरी येशूच्या काळी ती शहराबाहेर होती आणि याच चर्चमध्ये त्या काळच्या इतर कबरीही आहेत. शिरल्याशिरल्या उजवीकडच्या जिन्याने गुलगुथ्यावर जाता येतं. जिना उंच आणि अरुंद आहे, हात धरा.

नंतर बागेतल्या कबरेकडे या. दमास्कस दरवाजाबाहेरची ही जागा प्रभूची कबर म्हणून एकोणिसाव्या शतकात पुढे आली. तिथली कबर प्रभूच्या काळाहून शेकडो वर्षं जुनी आहे असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. पण झाडं, बाकं, शांतता आणि दगडात कोरलेली रिकामी कबर यांमुळे योहान २० वाचायला आणि प्रभुभोजन घ्यायला याहून चांगली जागा शहरात नाही. प्रवेश विनामूल्य आहे. गटाची वेळ आणि प्रभुभोजनाची जागा मात्र आधी राखून ठेवा. माझं मत विचाराल तर दोन्ही ठिकाणी जा. एका ठिकाणी पुरावा आणि परंपरा, दुसऱ्या ठिकाणी मोकळी हवा.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ. यहुदी भागातली दुकानं आणि वाहनं बंद, पश्चिम भिंतीजवळ त्या वेळात फोटो काढायचे नाहीत. रविवारी सकाळी बऱ्याच चर्चमध्ये उपासना असल्याने पर्यटकांना थांबावं लागतं. त्या दिवशी तुम्हीही उपासनेलाच जा. संत जॉर्ज कॅथीड्रल अँग्लिकन परंपरेचं आहे, उत्तर भारत मंडळीच्या लोकांना तिथे घरच्यासारखं वाटेल.

बेथलेहेम

इथे जाताना चेकपॉइंट लागतो आणि बहुतेक वेळा गाईडही बदलतो. स्थानिक पॅलेस्टिनी गाईड सोबत येतो. जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे, कंबर दुखणाऱ्यांना आधार द्या. गुहेतल्या चांदीच्या ताऱ्यापाशी क्षणभरच थांबता येतं, म्हणून लूक २ चं वाचन रांगेत शिरण्याआधी उरका.

तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना भेटल्याशिवाय परतू नका. जैतुनाच्या लाकडावर कोरीवकाम करणारी ही घरं यात्रेकरूंवर जगतात आणि यात्रा बंद पडल्या की त्यांची चूल अडते. कोरीव वस्तू आणि क्रूस घ्यायचे तर त्यांच्याकडूनच घ्या, फार घासाघीस न करता. अरबी बोलणारे आपले बंधुभगिनी दोन हजार वर्षं त्या मातीत टिकून आहेत. त्यांच्यासोबत एक प्रार्थना ठरवून करा. पाळकांनी आधी पत्रव्यवहार केला तर ते आनंदाने वेळ देतात.

जॉर्डनच्या बाजूला नबो डोंगर आणि मादबाचा सहाव्या शतकातला मोझेइक नकाशा एका दिवसात होतात. सीनाय पर्वत २२८५ मीटरचा आहे आणि चढाई मध्यरात्री सुरू होते. तरुणांनी जावं, बाकीच्यांनी पायथ्याच्या संत कॅथरीन मठातच सकाळ घालवावी.

परत आल्यावर

दोन आठवड्यांच्या आत सगळा हिशोब गटापुढे ठेवा, उरलेली रक्कम परत करा. मग मंडळीत एक संध्याकाळ ठेवा आणि फोटोंपेक्षा वाचनं जास्त ठेवा: ज्याने जिथे वाचलं त्याने तो उतारा पुन्हा वाचावा आणि जागेबद्दल दोन मिनिटं बोलावं.

ज्यांना पैशाअभावी किंवा तब्येतीमुळे जाता आलं नाही त्यांच्यासाठी पुण्यातली एक दिवसाची फेरी काढा. क्वार्टर गेटचं सिटी चर्च, ज्याला १७९२ साली पेशव्यांनी जागा दिली. कॅम्पातलं १८२५ चं सेंट मेरीज. गुरुवार पेठेतलं १८८५ चं पंचहौद, त्याच्या घंटांच्या मनोऱ्यासह. लाल देऊळही याच फेरीत बसतं. एक मिनीबस, डबे घरून, आणि दर ठिकाणी एक शास्त्रपाठ. ही फेरी जाऊन आलेल्यांनी स्वतःच्या खर्चाने काढावी, आणि तिची तारीख विमानात बसण्याआधीच जाहीर करावी.